बीट आणि तांदुळजा

फुला : माझी तांदुळज्याची जुडी कुठं गेली, आत्याबाई?

चंद्रभागा : शेजारच्या निंबाच्या शेळीला घातली.

फुला : निवडून, धुऊन ठेवली होती मी!

चंद्रभागा : शेळीचं नशीब, धुतलेली मिळाली. तू हे बीट खा. कापून ठेवलंय.

फुला : नाही खाणार.

चंद्रभागा : काय म्हणालीस?

फुला : बीट नाही खाणार. महिनाभर दोन्ही वेळा खाल्लं. काल दवाखान्यात रक्त तपासलं, सातच्या खालीच. आठवा महिना लागलाय मला. बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं तर तू हाती लागणार नाहीस, असं म्हणाली नर्सबेन. तुम्ही होतात ना तिथं?

चंद्रभागा : हाव, होते ना. म्हणून तर बीट! नुसतं कापलं तर हात बघ कसे लाल झाले. त्याच्यात रगत नाही तर काय आहे?

फुला : हात तुमचे लाल झाले. माझी पापणी ओढून बघा, आत पांढरीफटक आहे.

चंद्रभागा : गोळ्या घे मग.

फुला : घेतेच आहे. निम्म्या उलटून पडतात. म्हणून बेननं पुस्तक काढून दिलं. केसपेपरच्या मागं उतरवून आणलंय मी. सारख्याच वजनाच्या बीटात लोह एक, तांदुळज्यात पंचवीस. हाडांना लागतो तो चुनासुद्धा बीटात कमीच.

चंद्रभागा : कुठं एक, कुठं पंचवीस! चुकीचं उतरवलं असशील.

फुला : सातवी पास आहे मी. दोनदा वाचलं. लाल रंगानं रक्त होत नाही का, तेही विचारलं. बेन हसली.

चंद्रभागा : हसायला तिचं काय जातं? स्टेशनापलीकडं पायी जाऊन बीट आणते मी. या चाळीत कोणाच्या सुनेला मिळतं सांग!

फुला : मला नको ते. मी परत जाते, रुळाच्या कडेचा परत खुडून आणते. तुम्ही परत शेळीला घाला. शेळी थकेल, मी नाही थकणार.

चंद्रभागा : रुळाकडं पाऊल टाकून तर बघ!

फुला : टाकणार. तुमच्या मुलाला सांगा, मामंजींना सांगा, सगळ्या चाळीला सांगा. मरायचं मला आहे, तर खायचं काय ते मी ठरवीन.

चंद्रभागा : असं अभद्र बोलू नको गं पोरी.

फुला : मग सांगा, त्या पाल्यावर एवढा राग कशाचा?

चंद्रभागा : ...वीस-बावीस वर्षं झाली. दुष्काळात गाव सोडून इथं आलो. तुझ्या मामंजींना मिलमध्ये घेईनात. चार महिने रुळाच्या कडेचा तांदुळजाच खाल्ला. नुसता उकडून, मीठ टाकून. नळावरच्या बाया म्हणायच्या, आल्या बघा ढोरांचा चारा खाणाऱ्या. तेव्हाच ठरवलं मी, माझी सून येईल तिच्या ताटात हा पाला पडू देणार नाही. जीव गेला तरी!

फुला : जीव माझा जाईल, आत्याबाई. त्या चार महिन्यांत तुमच्या पोटात कोण होतं?

चंद्रभागा : तुझा नवराच, भटू.

फुला : कसा जन्मला?

चंद्रभागा : चांगला. दाईला दोन्ही हातांनी उचलावा लागला.

फुला : आणि तुम्ही?

चंद्रभागा : रगत खूप गेलं. दाई घाबरली होती. पण उठले. महिन्यानं घमेलं उचलायला गेले.

फुला : मग त्या हसणाऱ्या बायांसाठी मला का मारता?

[चंद्रभागा बीटाची ताटली बाजूला सारते.]

चंद्रभागा : रुळाकडं जायचं नाही.

फुला : आत्याबाई, मी सांगितलं ना...

चंद्रभागा : ऐकून तर घे. पायात चपला घाल. नळासमोर भाजीची लारी लागली असेल. तांदुळज्याच्या रोजच्या दोन जुड्या घेऊ.

फुला : नळासमोर? तिथं तर सगळ्या बाया असतील आता.

चंद्रभागा : असू दे. भाव मी करीन. मोठ्यानं करीन.