शेटजीच्या गाड्या आणि माझा आकडा

बाजाराचा अंदाज मला विचारू नका, अजून डोकं भणाणतं! निजामाच्या राजवटीत परतूरच्या कापूसबाजारात अंदाज सांगायचा मान माझाच होता. रीत सोपी. भाव चढला, तर त्या दिवशी विकलेल्या गाड्या कालच्या आकड्यात मिळवायच्या. उतरला, तर वजा करायच्या. आकडा वाढत गेला म्हणजे तेजी पक्की. रोज संध्याकाळी स्टेशनाजवळच्या हाटेलाच्या भिंतीवर मी तो खडूनं लिहायचो, आणि तो बघून लोक खरेदी करायचे.

एका हंगामात आकडा असा चढत सुटला, की मी मामालाही भरीस घातलं. मामीच्या पाटल्या मोडून मामानं एका शेटजीकडून कापूस घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत बाजारात गेल्तो, तर समोरून कापसाच्या गाडीला जुंपलेला एक बैल आला. एक शिंग लाल, एक हिरवं. अरे, ह्याची गाडी तर मी सकाळीच विकलेल्यात मोजली! मंग गाडीमागं गेलो. तेच शेटजी आपला माल मेव्हण्याला विकून राह्यले होते, आणि मेव्हणा मागच्या फाटकातून चढ्या भावानं परत त्यांनाच!

मी ओरडलो, "शेटजी, लाज न्हाई वाटत? एकच गाडी किती वेळा विकता?"

तर ते माझ्यावरच उखडले! "तुमी भिंतीवर आकडा लिहून राह्यले, म्हणून तर गाड्या फिरवाव्या लागतात! बैल थकले माझे. आता उगं उभे राहू नका, जल्दी जाऊन आजचा आकडा लिहा!"