विटेवर उभा राहिलेला केरबा

मंडळी, एक सांगा! आपण देवापुढं तासभर गाऱ्हाणं घालतो. हे दे, ते दे, सुनेला सुबुद्धी दे! आणि देव? एक शब्द नाही. मग तो ऐकतो, की नुसता उभाच असतो? — थांबा, उत्तराची घाई नको. आधी कथा ऐका.

कृष्णाकाठचं एक गाव. उत्सवात दरवर्षी संगीत नाटक. विठोबाचं, आणि त्याच्या एका भक्ताचं. पदं सगळी भक्ताला! विठोबानं तिन्ही अंक कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. रिवाज असा, की विठोबा इनामदारांच्या घरातलाच. का? मान! गेल्या वर्षी तर देवाच्या मनगटावर घड्याळ होतं — हसू नका! — आणि सासुरवाडीची माणसं दिसली तसा देवानं विटेवरून हात हलवला!

यंदा नाटक बसवायला आल्या वत्सलाबाई गुळवणी. गाण्याच्या मास्तरीण, करारी बाई. त्यांनी मागचे झगमगीत पडदे काढले, देवामागचं फिरतं चक्र काढलं. मागं एक काळं घोंगडं, पुढं एक समई. बास! आणि म्हणाल्या, "विठोबा केरबा लोहार करील."

गाव हादरलं! केरबा कोण? तीस वर्षं त्याच नाटकातला भक्त! त्याचं पद सुरू झालं की पोरं रडायची थांबायची. पण घशाचं दुखणं झालं, आवाज गेला. नुसती फुसफुस उरली. तेव्हापासून केरबानं नाटकाच्या मांडवाकडं पाठ फिरवली, ती फिरवलीच.

बाई त्याच्या भात्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. केरबा फुसफुसला, "बाई, जिथं गायलो तिथं मुका हून उभारू व्हय? लोक म्हंतील, केरबाचं बुजगावणं झालं."

बाई म्हणाल्या, "केरबा, बोलणारे मला शंभर मिळतील. मला ऐकणारा पाहिजे. तुझ्याइतकं गाणं या गावात कुणाला ऐकू येतं?"

काय बाई असेल हो! केरबानं हातोडा खाली ठेवला. पण आत धाकधूक होतीच. लोक हसले, तर पुन्हा त्या मांडवाचं तोंड बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

आता भक्त कोण? मनोहर शिंपी. तरणाताठा, गळा गोड. त्याला बाईंनी सांगितलं, "शेवटचं पद देवाकडं तोंड करून म्हणायचं. लोकांकडं पाठ." मनोहर कळवळला, "बाई, मग टाळ्या कशा दिसणार?" बाई म्हणाल्या, "तू पद कुणाला म्हणतोयस?" संपलं बोलणं!

नाटकाचा दिवस. मांडव खच्चून भरलेला. पडदा वर गेला आणि विटेवर केरबा! कुजबुज झाली, एकदोघं हसलेही. केरबा हलला नाही. दोन अंक, पापणी म्हणून हलली नाही. कुजबुज आपोआप थांबली.

शेवटचं पद आलं. मनोहरनं पाठ फिरवली, सूर लावला. एक तान घेतली, दुसरी घेतली — आणि हरवला! सम कुठं गेली, कळेना. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, फिरून जिथं यायचं ते घर. एरवी गवई चुकला की हळूच तबलजीकडं बघतो, तबलजी मान हलवतो. — आमचे तबलजी बघा कसे हसतायत! हे मला रोज सांभाळतात! — पण इथं तबलजी पाठीमागं! वळला तर गावासमोर फजिती. आलाप ओढतोय, घाम फुटलाय. समोर कोण? फक्त देव.

मनोहरनं कळवळून वर पाहिलं. आणि मंडळी... कमरेवरच्या हाताचं एक बोट हलत होतं! मात्रा मोजत होतं! केरबाचं सगळं अंग दगड, आणि ते एक बोट जिवंत! तेरा... चौदा... पंधरा... सोळा — बोट उचललं, आणि मनोहर धाडकन समेवर!

मांडव टाळ्यांनी दणाणला. बोट कुणालाच दिसलं नाही. एका समईचा उजेड, मधे मनोहर, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याच पाठीवर; कसं दिसणार? ज्यानं तोंड तिकडं केलं होतं, त्यालाच दिसलं.

पडदा पडला. मनोहरनं केरबाचे पाय धरले. "दादा, आज तुम्ही गायलात. मी नुसता आवाज दिला." केरबाच्या डोळ्यांतून पाणी. फुसफुसला, "लेका, तीस वर्सं मी लोकांकडं तोंड करून गायलो. इटंवर कोण उभाय, कधी बघितलं न्हाई." आणि विटेवरून उतरताना त्यानं त्या विटेला हात लावून नमस्कार केला.

आता बोला! देव ऐकतो की नाही? अहो, तो तर तुमच्या मात्रा मोजतोय! पण आपलं तोंड कुणीकडं? शेजाऱ्याकडं, पाहुण्यांकडं, टाळ्यांकडं. ताल सुटला की मग म्हणायचं, देव बोलत नाही!

उद्या घरात, शेतात, दुकानात कुठं चुकलात, तर एकदा तिकडं वळून बघा. आणि आता माझ्याकडंही बघू नका. माझ्या पाठीमागं गाभाऱ्यात तो उभा आहे, त्याच्या हाताकडं बघा आणि त्याच्या नावाची टाळी धरा!