एकही थांबा राहता कामा नये

आदरणीय अध्यक्ष महोदय, मुख्य कार्यालयातून मुद्दाम आलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे साहेब, पहिल्या रांगेतल्या वहिनीसाहेब, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी बंधुभगिनी. खुर्च्या कमी पडल्या आहेत. प्रेम जास्त झालं, असं समजू या.

आमचा संगणकावरचा खेळ बाजारात आला त्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, रोजची प्रार्थना केली आणि कामावर न येता घरीच संगणकासमोर बसलो. म्हटलं, आपण संगीत दिलंय, तर एकदा गिऱ्हाईक होऊन बघावं. मी पन्नाशीला टेकलेला माणूस. बोटांना पेटीची सवय, या बटणांची नाही. शेजारी आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन बसल्या होत्या.

“अहो, ती पोरगी भिंतीला धडका मारतेय. वळवा की तिला!”

“वळवतोय.”

“संसारातही तुमचं असंच. वळायला सांगेपर्यंत भिंत.”

हसा, हसा. पुढे हसण्यासारखं फार नाही.

पाहुण्यांपैकी काहींनी खेळ पाहिला नसेल, म्हणून गोष्ट सांगतो. एका शिंप्याची मुलगी लहानपणी घर सोडून गेलेली असते. बाप गेल्यावर ती परत येते. म्हातारी आई दार उघडत नाही. किती जणांनी फसवलेलं असतं तिला! आतून एवढंच म्हणते, “माझी असशील तर तुझे बाबा मशीनवर बसून गुणगुणायचे ती चाल म्हण.” मुलीला चाल आठवत नाही. मग ती गल्लीत फिरते. न्हाव्याला पहिली ओळ आठवते, धोबिणीला दुसरी, पाववाल्याला मधलाच एक तुकडा. प्रत्येकाच्या दारात खेळणाऱ्यानं निवांत उभं राहायचं. उभं राहिलं तर माणूस बोलू लागतो, बोलता बोलता गुणगुणू लागतो. घाई केली तर तो आपल्या कामाला लागतो. अशी अकरा दारं होती. गोष्ट लिहिणाऱ्या आमच्या ताई त्यांना ‘थांबे’ म्हणायच्या. आम्हीही म्हणू लागलो.

अध्यक्ष महोदय, व्हिडिओ गेम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते. माझ्याही आली होती. पण मी शिकलो गावच्या शाळेत. तिथे आमचे गुरुजी गोष्ट सांगता सांगता मध्येच गप्प व्हायचे आणि विचारायचे, “आता यानं काय करावं?” आम्ही पोरं भांडायचो. त्या घटकेला गोष्ट गुरुजींची राहायची नाही, आमची व्हायची. ताईंनी पहिल्यांदा खेळ समजावला तेव्हा मला ती शाळाच आठवली. पुस्तकातली मुलगी दारात उभी राहते ती लेखकाच्या मर्जीनं. इथे ती तुमच्या मर्जीनं उभी राहते. तिच्या उतावळेपणाची लाज तुम्हांला वाटते. दुसऱ्या कुठल्या कलेत हे होतं, सांगा बरं?

आणि संगीताचं म्हणाल, तर नाटक-सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती लांबीचा ते ठाऊक असतं. मला नव्हतं. कोणी न्हाव्याच्या दुकानापुढे दोन श्वास थांबेल, कोणी अर्धा तास. म्हणून चाल अशी बांधावी लागे की ती कुठूनही निघाली तरी समेवर येईल, कितीदाही फिरली तरी शिळी होणार नाही. आधी नुसती कात्रीची लय. माणूस थांबला तर खालून तंबोरा. आणखी थांबला तर गळा. ऐकणाऱ्याच्या धीरावर उलगडणारं गाणं! मला तर ती प्रार्थनेच्या जवळची गोष्ट वाटली. तिथेही उठून जाण्याची घाई असलेल्याला काही ऐकू येत नाही.

तर त्या सकाळी आमची पोरगी भिंतीतून सुटली आणि न्हाव्याच्या दुकानावरून सरळ पुढे गेली. मी थांबवतोय, तर न्हावी मुका. धोबीण मुकी. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “न्हाव्याची ओळ कुठंय हो? महिनाभर घरात तीच वाजवत होतात.” मी म्हटलं, माझंच काही चुकलं असेल. थेट आईच्या दाराशी गेलो. मुलगी काहीही शिकलेली नव्हती. तरी पूर्ण चाल आपोआप वाजली आणि दार उघडलं. आई लेकीच्या गळ्यात पडली. पडद्यावर अभिनंदनही आलं.

काय झालं होतं? अगदी साधं. शेवटच्या बैठकीत ताई म्हणाल्या होत्या, “साहेब, अकरा थांब्यांचं काम राहिलंय.” साहेबांना वाटलं, खेळ अकरा ठिकाणी अडकतोय. ते कडाडले, “परवापर्यंत एकही थांबा राहता कामा नये!” ताईंना वाटलं, एकाही थांब्याचं काम बाकी राहायला नको असं म्हणतायत. त्या खूश होऊन बाहेर आल्या. “दादा, साहेबांनी पहिल्यांदा थांब्यांची काळजी केली,” असं मला म्हणाल्या. आणि खेळ वेगवान करायला बाहेरून बोलावलेल्या मंडळींनी हुकूम पाळला. अकराच्या अकरा काढले, आणि खेळ अडू नये म्हणून शेवटचं दार आपोआप उघडेल अशी सोय केली.

एका शब्दानं घात केला. होतं असं. शब्दाच्या चुकीला मी चूक म्हणत नाही, आणि साहेबांनी ती मुद्दाम केली असंही म्हणत नाही. पुढचं सांगतो, ते चुकून झालेलं नाही.

ताई साहेबांकडे गेल्या. मीही होतो.

“साहेब, थांबे परत घाला. आठवड्याचं काम आहे.”

“लोकांना आवडलाय की! म्हणतायत, सुसाट आहे.”

“पण मुलगी चाल शिकलीच नाही. मग आई दार कशी उघडते?”

“उघडतंय ना दार? मग झालं. गिऱ्हाइकाला उघडं दार हवं असतं, ताई.”

ताई बाहेर पडल्या. जिन्यात मला म्हणाल्या, “दादा, खेळ मोडला याचं एवढं नाही. त्या म्हातारीला आयुष्यभर सगळ्यांनी फसवलं होतं. शेवटी आपणही फसवलं.” त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्या निरोपाला असा हॉल नव्हता, हार नव्हता. लिफ्टही बंद होती. त्यांच्या टेबलावरची कुंडी मी खाली नेऊन दिली, तेवढाच समारंभ.

आत्ता वाचलेल्या मानपत्रात ‘साहेबांनी खेळाला अभूतपूर्व गती दिली’ असं वाक्य आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही. मीही टाळ्या वाजवल्या. वरच्या पदावर जाताना साहेबांना हीच गती लाभो. वाटेत कुणाच्या दारात उभं राहायची वेळ त्यांच्यावर न येवो.

साहेब, थांबे परत घाला म्हणून मी नंतरही येत राहिलो. कालही आलो होतो. तुम्ही खांद्यावर हात ठेवून म्हणालात, “आता जाताजाता कशाला? उद्या छान बोला. संगीत तुमचंच आहे, नाव तुमचंच होतंय.” तुम्ही प्रेमानंच म्हणालात. मला रात्रभर तेच टोचत राहिलं. कामाला बसण्याआधी मी हात जोडतो. ‘हे मी केलं’ असं ज्याच्यापुढे म्हणायचं, त्याच्यापुढे या कामाबद्दल मला तसं म्हणता येईना.

मला बोलायला उभं केलंत, याबद्दल आयोजकांचे आभार. ताईंची आठवण आज इथे कुणी काढली नव्हती, ते काम माझ्याकडून झालं, त्याबद्दल देवाचे आभार. निरोपाच्या प्रसंगी चार गोड शब्द बोलावेत ही रीत मला ठाऊक आहे. ती सांभाळता आली नसेल तर वडीलधाऱ्यांनी पदरात घ्यावं, धाकट्यांनी विसरून जावं.

आणि एक सांगायचं राहिलं. आज दुपारी मी संगणकांच्या खोलीत गेलो आणि खेळाच्या शेवटी जी नावं येतात त्यांतलं माझं नाव काढायला लावलं. यंत्रावरचा मुलगा म्हणाला, “दादा, ‘संगीत’ या शब्दापुढे रिकामं दिसतंय. कुणाचं तरी घालू का?”

मी म्हटलं, “नको. दिसू दे.”