मळ्याच्या दारातल्या चपला

लिवा मास्तर, तुम्ही म्हणताय तर लिवा, पण माझ्या जल्मात लिवण्यासारखं काय हाय ते तुम्हीच शोधा. आमचं घर या निर्मळ गावचंच, आजा इथला, पणजा इथला, आणि ही तळ्याच्या पल्याडची वाडी आमची, पुढं केळी, मधी चार सुपाऱ्या आणि पार मागं पानमळा. खायच्या पानांचा मळा. लोक जेवून उठले की पान तोंडात घालतात नि थुंकून मोकळे होतात, पण त्या एका पानामागं माणूस किती वाकतो ते कोण बघतो? माझा बापूस वाकूनच मेला, म्हंजे खरंच सांगतो, तिरडीवर सुद्धा त्याची पाठ सरळ झाली नाय. मंग मळा माझ्याकडं आला, तवा मला मिशी पण नीट फुटली नव्हती.

आता पानमळ्याची एक रीत हाय, ती तुम्हाला सांगितल्याबिगर पुढचं कळायचं नाय. मळ्यात वहाण घालून जायचं नाय. कुणीच नाय. व्यापारी येवो, फौजदार येवो, दारात काढायच्या नि मंग आत यायचं. बापूस म्हणायचा, नागवेल म्हंजे घरात आलेली माहेरवाशीण, तिच्यासमोर कोण वहाणा वाजवत फिरतो काय रे? म्हणून आम्ही पानवाले वहाणा घ्यायच्याच नाय. घेऊन करायचं काय, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मळ्यात, घरी यायचं ते पाय धुवून जेवायला. माझ्या लग्नात सासऱ्यानं जोडा दिला होता, तो मी मांडवात घातला, नि मंग तो माळ्यावर उंदरांनी खाल्ला. काय सांगू तुम्हाला, त्यानंतर साठी आली तरी माझ्या पायाला चामडं म्हणून लागलं नाय.

आणि पाय तरी कसले. वेल चढायला आम्ही पांगारा लावतो, त्याला ही काटेरी साल, काटे गळून मातीत पडतात. ते पायात मोडायचे नि मला समजायचं सुद्धा नाय. रोज सांजेला दिवा लागला की आमची म्हातारी, तवा म्हातारी नव्हती, सुई घेऊन बसायची, माझा पाय मांडीवर घ्यायची नि एकेक काटा काढायची. तेवढाच आमचा बोलायचा वेळ. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, सगळं मला त्या सुईच्या टोकाशी कळायचं. ती म्हणायची, अवो दुखतंय का? मी म्हणायचो, काय दुखतंय? मंग ती कपाळाला हात लावायची.

लढाई संपली, स्वराज्य आलं, मी आपला वाकलेलाच. मुलगा जनू हाताशी आला, लगीन झालं, तरी पहाटे पयला मीच मळ्यात. आप्पा आता बसा, आप्पा आता बसा, असं तो म्हणायचा, नि मी म्हणायचो बसतो रे, या खेपेची खुडणी होऊ दे. अशा किती खुडण्या झाल्या. मंग एकदा मळ्याच्या कुडाची खुंटी टाचेत घुसली. मला नेहमीसारखं कळलंच नाय. चार-पाच दिवसांनी म्हातारीलाच वास आला. पाय सुजून हा असा झाला, ताप चढला, बैलगाडीत घालून मला डॉक्टरकडं नेलं. त्यानं चिरलं, पू काढला, नि सांगितलं, बाबा, हा पाय या वेळी वाचला. परत अनवाणी चिखलात गेलात तर मी वाचवणार नाय, कापणार.

घरी आलो तर जनूनं नव्या चपला आणलेल्या. उंबऱ्यात ठेवल्या नि म्हणाला, आप्पा, तुम्हाला आता चपलेबिगर चालायचं नाय, नि मळ्यात चपला चालायच्या नाय. म्हंजे तुम्ही आता दाराच्या भायेर. सून दाराआड पदर तोंडाला लावून उभी, हसत होती का रडत होती कोण जाणे. मी म्हटलं, अरे, मंग मी करू काय? तर म्हणतो, काय नाय करायचं. काय नाय करायचं! मास्तर, हे काम मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पयले दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू. एक तर त्या चपला. चालताना पाय एकीकडं नि चपला दुसरीकडं. बसलो की काढायचो नि उठलो की तसाच चालायला लागायचो. देवळात गेलो, चपला देवळात. न्हाव्याकडं गेलो, चपला न्हाव्याकडं. पोरं हातात घेऊन यायची, आजोबा तुमच्या चपला, आजोबा तुमच्या चपला. एक जोड तर कुणी घालूनच गेला, मी म्हटलं जाऊ दे, त्याचं भलं होवो. जनूनं दुसऱ्या आणल्या. नि दिवसभर मी मळ्याच्या दारात, भायेरच्या बाजूला, बांधावर बसायचो. आतून पाण्याचा आवाज यायचा, माणसं बोलायची, नि मी म्हंजे लग्नघरी बोलावणं नसलेला पाव्हणा. एकदा जनू म्हणाला, तुम्ही चपला घालूनच या आत, कोण बघतंय. मी म्हटलं, वेल बघते. असा राग आला होता, त्या दिवशी मी जेवलो नाय. रागापेक्षा, मास्तर, मला रडू येत होतं. जिथं जल्म गेला तिथं माझी गरज नाय, नि मळा माझ्याबिगर हिरवागार! एखादी वेल सुकली असती तरी मला बरं वाटलं असतं, इतका मी वाईट झालो होतो.

तवा मला इंत्रू भेटला. इंत्रू म्हंजे भुईगावचा माझा दोस्त, किरिस्ताव, त्याची केळीची वाडी, आम्ही लहानपणापासून पाण्याच्या पाटावरून भांडलेलो. त्याच्या मुलांनी पण त्याला बसवला होता. माझ्या चपला बघून हसला नि म्हणाला, तुझं बरं हाय रे, माझे बूट बघ. त्यांची रीत आमच्या उलटी. रविवारी मिस्साला जाताना ती जुनी माणसं बूट हातात घेऊन चालायची, बूट झिजायला नको म्हणून, नि देवळाच्या पायरीवर पाय पुसून घालायची. मी म्हटलं, तुझा देव बूट घालून आत घेतो, माझा मळा काढून आत घेतो, आपण दोघं भायेरच बरे. त्यानं मला चालायला शिकवलं, काय सांगू, साठीच्या माणसाला! अंगठ्यानं धरून ठेव म्हणाला, बायकोचा हात धरतो तसा. मी म्हटलं, तो कधी धरला?

मंग आम्ही सांजेचे भुईगावच्या किनाऱ्यावर जायला लागलो. समुद्र एवढा जवळ, पण सांजेला बघितलाच नव्हता मी, ती वेळ मळ्याला पाणी सोडायची. पयल्या दिवशी बसलो नि दहा वेळा उठलो, पाट फुटला असेल असं वाटायचं. इंत्रू म्हणायचा, बस रे, सूर्य तुझ्याबिगर पण बुडतो. हळूहळू बसायला जमलं. दुपारी झोप यायला लागली. चहा गरम असतानाच पोटात जायला लागला, जल्मभर थंडच पिलेला. सुख म्हणायचं तर हेच सुख, पण मास्तर, थकलेल्या माणसाला सुख पण उचलायला जड लागतं. नि एक गोष्ट घरात राहून गेली. पायात काटे नव्हते, तर सांजेला म्हातारीच्या हातात सुई नव्हती. ती तिकडं बसायची, मी इकडं. दिवा मधी. बोलायला काय नाय.

वरीस झालं. पायाची जखम भरली, डॉक्टरनं दाबून बघितली नि म्हणाला, कोरड्यात थोडं चाललात तर चालेल. मी एवढंच ऐकलं. आणि नेमकी वेलांची उतरण आली. उतरण म्हंजे वाढलेली वेल पांगाऱ्यावरून सोडवून खाली घ्यायची, तिचं वेटोळं करून मातीत पुरायचं, मंग तिला नवी फूट येते. हलक्या हाताचं काम, जरा ओढलं की वेल तुटते. जनू स्वतः आला नि म्हणाला, आप्पा, माती कोरडी हाय, तुम्ही या. काय सांगू, नवरा मुलगा निघतो तसा मी निघालो. दारात चपला काढल्या, हात जोडले नि आत पाय टाकला.

आणि पाय भाजला. खरं सांगतो, माती माझी, खडा माझा, नि पायाला सगळं लागतंय! पालापाचोळा टोचतोय, ढेकूळ टोचतंय. मी ओठ दाबून चाललो, जनू बघत होता ना. एका वेलीपाशी पोचलो, केळीच्या सोपटानं बांधलेली गाठ सोडवली, वेल खांद्यावर घेतली, नि पाऊल बदलायला गेलो तर काटा. एवढासा पांगाऱ्याचा काटा. आई गं करून मी खाली बसलो. सगळी माणसं थांबली. जल्मात कधी मळ्यात कुणी माझ्या तोंडून आई गं ऐकलं नव्हतं. जनू धावला, त्यानं पयली माझ्या खांद्यावरची वेल उतरून घेतली, दोन्ही हातांनी, अशी झोपलेलं मूल उचलावं तशी, नि मंग मला हात दिला. मी त्याचे हात बघत होतो. वेल तुटली नव्हती. मी लंगडत दारात आलो, नि चपला शोधल्या. कुणी सांगितलं नाय, कुणी आणून दिल्या नाय, पयल्यांदा मी आपण होऊन घातल्या.

सांजेला म्हातारीनं डब्यातून सुई काढली. डोळ्याला दिसत नाय तरी पाय मांडीवर घेतला. मी ओरडलो, हळू! ती थांबली, माझ्याकडं बघत राहिली नि म्हणाली, अवो, इतकी वरसं मी खुरातला काटा काढल्यासारखी काढत होते. आता माणसाचा पाय झाला तुमचा. काटा निघाला तरी तिनं पाय लगेच खाली ठेवला नाय.

तर असं हाय. मळा जनू बघतो, बरा बघतो, वेलींना नवी फूट आली हाय. मी बांधावर बसतो, दुपारचा निजतो, इंत्रू आला तर किनाऱ्यावर जातो. थकलो, पण काय तक्रार नाय. पान घ्या, आपल्याच मळ्यातलं हाय. देव तुमचं भलं करो. आणि निघताना दारात जरा बघून घाला मास्तर, तुमच्या नि माझ्या चपला एकसारख्या दिसतात, नि मला आता त्या लागतात.