दादाची सही

हॅलो? … हां, मी ॲरझुलाच. … वर्डी? अगं, सकाळपासून फोनला चिकटून बसलेय! निरोप मिळाला ना? … हो, हो… अगं ऐक ना… थांब! खट्ट झालं, ऐकलंस? … दुसरं कोण? मालकीणबाई. त्यांचा नि माझा फोन एकाच तारेवर, विसरलीस? उचलून गप्प ऐकत बसतात. तेव्हा त्या कामाचं नाव काढू नकोस.

… कुठलं काम काय! जूनमध्ये तुझ्या लेकीच्या लग्नात सगळे बोलत होते ना, पासष्ट सालात तरी आपल्या काळ्या लोकांना मत देता येईल म्हणून… घ्या! माझ्याच तोंडून गेलं.

… कोण म्हणालं, मी दादाला उन्हात नेलं? मेल्व्हिना? तिच्या पोटात काही राहील तर शपथ. … मी नाही नेलं गं, त्यानंच मला नेलं! शुक्रवारी. पाद्रीबाबांच्या ट्रकमध्ये गादी घातली… हो, छातीत दुखत होतं. हो, माहीत होतं मला. तू त्याला अडवून दाखवायचं होतंस.

… पोस्टाच्या तळघरात, मतदार म्हणून नाव नोंदवायला. वॉशिंग्टनचा साहेब भला होता. म्हणाला, फुली मारा, नव्या कायद्यात चालते. दादा म्हणाला, फुली माझ्या आजोबांनी मारली, शंभर वर्षांपूर्वी. … हो, तीच, बायबलमध्ये जपलेली त्यांच्या मतनोंदणीची चिठ्ठी. पुढे त्यांना मत देऊ दिलं का कुणी? दादा म्हणाला, मी नाव लिहिणार. म्हातारपणी चर्चमध्ये आम्ही दोघांनी अक्षरं गिरवली, ती काय फुली मारायला?

… अर्धा तास! ‘सायरस’ झालं, मग दम खाल्ला, मग ‘विदरस्पून’. रांग पार रस्त्यापर्यंत. मागून आपल्या चर्चमधलं कुणीतरी म्हणालं, “डीकन, जरा आखूड आडनाव घ्यायचं होतं, आम्ही जेवून आलो असतो!” पहिला दादाच हसला.

… मी? … ते नको विचारूस आत्ता. मालकांनी, डॉबिन्ससाहेबांनी सांगितलंय, ज्यानं सही केली त्यानं घर सोडायचं. एकतीस वर्षं झाली मला या घरात… नाही गं, रडत नाहीये. … दादाला फोन दे? … वर्डी… अगं, मला बोलू तर दे…

… परत खट्ट. मिसेस डॉबिन्स, ठेवू नका. ऐकताच आहात तर नीट ऐका, मला दोनदा सांगायला नको. सही मीसुद्धा केली, त्याच्या मागे उभं राहून. साहेबांना सांगा.

आणि वर्डी, राणी… त्याला मिळालेलं मतदाराचं कार्ड मी त्याच्या कोटाच्या खिशात ठेवलंय. कोट इस्त्री करून ठेवलाय. तू मिळेल त्या बसनं निघ.

… हो. झोपेतच.

आपला दादा, सायरस विदरस्पून, आज सोमवारी, सोळा ऑगस्टला, सकाळी साडेसहाला गेला.