दहा घोडे, चाळीस घोडे

नाई, तू आधी बस मिस्त्री. इंजिन कुठं पळून जात नाई — दहा घोड्याचं आहे, पळून पळून पळन किती? बस त्या दगडावर, मोहाची सावली आहे. मी विचारलं, नागपूरचा मिस्त्री का, तं तू नुसतं हूं केलं — खर्रा आहे ना तोंडात? समजलं, समजलं, हात वर करून दाखवाची गरज नाई. खर्रा खानारा मानूस मले आवडते, बिचारा ऐकून तरी घेते. आमच्या इकडे निम्मी भांडनं त्याच्यानंच थांबली आहेत — शिवी द्याची म्हनली तं आधी थुंका लागते, अन सुपारी-तंबाखू-चुन्याचा ताजा घोटलेला खर्रा कोन थुंकन शिवीसाठी? तू चघळ. मी बोलतो. माह्या तोंडात दातच चार राह्यले, जागाच जागा आहे बोलाले.

तं तुले राकेशनं धाडलं. माह्या पोरानं. तिसऱ्यांदा धाडून राह्यला थो मिस्त्री — पहिले दोन्ही वक्त अंकित नावाचा पोट्टा आलता, तुह्याच दुकानातला असन. सांगितलं का नाई त्यानं? पहिल्या वक्ती मी म्हनलं, बोट तं परवा डुबली भाऊ, आता तेरवीलेच येजो. त्यानं टोपी काहाडली अन पान्याकडे तोंड करून दोन मिनिटं उभा राह्यला — मी डोक्यावर दुपट्टा घेऊन मागं हासून राह्यलो. दुसऱ्या वक्ती आला तं मी माह्यंच नाव घेऊन म्हनलं, तानबा इथं नाई राह्यत, थो आर्वीकडच्या धरनावर गेला. गेला ना, भर उनात, इंजिनची मापं घ्याची पट्टी घेऊन. अन संध्याकाळी राकेश माह्यावर तनकला. माह्यं पोरगं आहे, पन गंमत त्याच्या रक्तात उतरली नाई. लहानपनी किती शिकवलं — बे, गंमत कराची असन तं गप राहाले शिक, पहिला हासला थो हारला. नाई जमत. दोन मिनिटात फिसकन हासते. मायवर गेलं.

त्याले काय पाह्यजे मालूम आहे ना तुले? चाळीस घोड्याचं इंजिन. काऊन, तं पलीकडच्या काठावर थे रिसॉर्ट झालं, त्याची लाल बोट पाह्यली तू? थे अशी जाते जशी तिच्या मागं सासू लागली. रविवारी नागपूरचं पब्लिक हायवेवरून उतरते, कारंज्याच्या ढाब्यावर जेवते, अन मंग पहिले हे काठ सोडून थ्या काठाले जाते. राकेश इथं आठ जाकिटं हातात घेऊन उभा. तिकीट फाडनं त्याचं, जाकिटं बांधनं त्याचं, अन हॅन्डल माह्यं — अकरा वर्षांपासून असंच आहे. थो म्हनते, बाबा, आपली बोट म्हैस आहे. मी म्हनतो म्हैस तं म्हैस, म्हैस डुबत नाई.

अन हळू कोन म्हनते रे हिले? इकडे ये — नाई, बस, बसूनच ऐक. इंजिनच्या टोपनावर काय लिहिलं आहे? चाळीस. लिहिलं आहे ना? मीच लिहिलं, दाराच्या पांढऱ्या रंगानं. खाली दहाच घोडे, पन पाटीवर चाळीस. टोपनाच्या आतला फोम काहाडून टाकला, तं आवाज असा निंघते का काठावरचे बगळे मध्य प्रदेशात जातात. पब्लिकले बसवाचं पुढं, एकदम खाली, पान्याच्या जवळ — थोडं पानी तोंडावर उडालं पाह्यजे. अन मंग बोट न्याची पुरान्या सागाच्या खुंटाजवळून. धरन झालं तवा तोडले नाईत, अजून उभे आहेत पान्यात, मढ्यासारखे. मोकळ्या पान्यात चाळीसचं इंजिनबी मेल्यासारखं वाटते, कारन आजूबाजूले पळाले काईच नसते. पन खुंटाच्या हातभर जवळून गेलं का — बापा, बाया देवाचं नाव घेतात. वेग इंजिनात नसते मिस्त्री, वेग झाडात असते. मी चौथीपर्यंत शिकलो, पन हे कोन्या कालेजात नाई शिकवत.

मंग मोठं इंजिन काऊन नाई, असंच विचाराचं आहे ना तुले? राकेशले मी दहा कारनं सांगितली. मागची फळी वजन धरनार नाई म्हनलं — त्यानं सुतार आनून नवी फळी ठोकली. मासे भेतात म्हनलं — थो म्हने बाबा, तुम्ही मासे धरनं सोडून किती वर्सं झाले. सिंचनाचे साहेब मंजुरी देत नाईत म्हनलं — तं पठ्ठ्या कागद घेऊन आला, शिक्क्यासकट. आता कारनं सरली माह्याजवळची. म्हनून मी मिस्त्रीच पळवून लावतो.

ऐक, तुले मगरीची गंमत सांगतो. सांगितली नसन तुले कोनी. मागच्या महिन्यात, रविवारी, एक मास्तर आलते, श्रीधर नाव, बायको अन सालीसकट. साली पुढं बसली, मोबाइल धरून. खुंटातून निंघालो अन बोटीच्या पोटाले खालून असं काई घासलं का बोट एका अंगावर गेली. साली अर्धी बाहेर. नुसता जाकिटाचा पट्टा माह्या हातात आला म्हनून. सगळे पांढरेफटक. अन मी काय म्हनलं असन? मी म्हनलं, घाबरू नोका, मगर आहे, पाठ घासून राह्यली, तिची रोजची सवय आहे. झालं. हासले. मास्तर म्हने, वा बाबा, दुसरी चक्कर मारा. तवापासून लोक राकेशले येऊन विचारतात, मगरीची चक्कर हेच का? राकेश सगळ्यायले सांगते, आमच्या बापासारखा मानूस नाई. छाती फुगवून सांगते.

हासला नाई तू. खर्ऱ्यात हासता येत नाई, हे बी खरं.

— मगर कुठून येईन बे या धरनात. थो खुंट होता. अकरा वर्सं त्याच्या बाजूनं जाऊन राह्यलो, उन्हाळ्यात पानी उतरलं का टोक वर येते, काळं, गाईच्या शिंगासारखं. थो नाई दिसला मले. दिसला असता तं — नाई, ऊन होतं समोर. ऊन नव्हतं. आभाळ होतं त्या दिवशी.

आता निंघालंच तोंडातून तं ऐक, तू परका मानूस, उद्या नागपूरले जाशीन, तुह्या पोटात राहीन. साखरेनं डोळ्यामागचा पडदा खाल्ला. राकेशले म्हनलं दोर आनाले चाललो, अन वर्ध्याले गेलतो, एस्टीनं, एकटा. डाक्टर पोरगी होती, मायेनं बोलली. म्हने, बाबा, गेलं थे येत नाई, राह्यलं थे सांभाळा, डोळ्यात सुई द्या लागते महिन्याले. मी म्हनलं, पहिले तुमच्या डोळ्यात देऊन दाखवा. हासली थे. मी निंघून आलो. येतानी दोर आनाचा विसरलो, तं एस्टी स्टँडवरून कपडे वाळवाची दोरी घेतली. राकेशनं थ्याच दोरीनं बोट बांधली, तुटली, अर्ध्या धरनात गेली बोट, त्यालेबी वाटलं बाबानं गंमतच केली.

कसं दिसते सांगू? ज्याच्याकडे पाह्यलं थेच पुसते. मधोमध डाग आहे एक, भाकरीच्या करपल्या पापुद्र्यासारखा, जिकडे पाहीन तिकडे थो पुढं. काठाकाठानं दिसते. आता तुह्याकडे पाहतो तं तुही टोपी दिसते, गुडघे दिसतात, निळा डगला दिसते — तोंडाच्या जागी काई नाई. खुंट पाहाचा असन तं मी बाजूच्या पान्याकडे पाहतो, म्हनजे खुंट काठानं येते डोळ्यात, चोरासारखा. पन त्याले वेळ लागते ना. दहा घोडे मले तेवढा वेळ देतात. अन उथळ पान्यात इंजिनचा आवाज बदलते, जाडा होते, बेंबीपाशी कळते मले. चाळीस घोडे कुठं देतीन वेळ? मी बाजूले पाहीपर्यंत खुंट पोटात. मंग हॅन्डल राकेशच्या हातात, अन मी काठावर, जाकिटं बांधाले. अन पट्टा तरी कुठं दिसते मले. लोकायले उलटे बांधून देईन, अन म्हनीन गंमत केली.

अन्नपूर्णेले — माह्या बायकोले — मालूम आहे असं वाटते. दोन महिने झाले, ताटात मीठ एकाच जागी वाढते. कधी चुकत नाई. बोलत नाई, पन चुकतबी नाई.

तं असं आहे मिस्त्री. तू जाय अन राकेशले सांग, हे फळी चाळीसचं इंजिन नाई धरनार. तू सांगशीन तं ऐकन थो. तू कारागीर मानूस. पुढच्या पोळ्यापर्यंत ढकल फक्त, मंग पाहू. सांगशीन ना? नुसती मान हालवू नोको, मान मधात येते, मले नाई दिसत — हूं म्हन.

हूं म्हन ना.

थुंक तरी. बोलाचं असन तं थुंक अन बोल, धरन आहे, कोनाचं अंगन नाई. ... थांब. तू येऊन पाऊन तास झाला. पाऊन तास खर्रा तोंडात अन तू एकदाबी नाई थुंकला? असा कोन खर्रा खाते बे, गिळून राह्यला का? अन सुपारी चावल्याचा आवाजबी नाई. आता ध्यानात येऊन राह्यलं. वासबी नाई. चुन्याचा वास चार हातावरून येते.

राकेश?

जमलं बे तुले. पाऊन तास. हासला नाई. डगला अंकितचा आनला का मागून? बरोबर, टोपीबी त्याचीच असन, बिचारी दोन मिनिटं पान्यापुढं उतरली होती थे.

काई बोलू नोको आता. ऐकलं ना सगळं? मंग हेबी ऐक. सुई घेनार नाई, डोळा माह्या बापानं दिला. चाळीसचं आनाचं तं आन, पन माह्या या फळीले लावू देनार नाई. दुसरी बोट घे, तिले लाव, हिरवी कर, पिवळी कर, थ्या लाल बोटीच्या मागं सोड. पब्लिक तुहं. रविवार तुहा. खुंट कुठं कुठं आहेत थे मी सांगीन, एकोनतीस आहेत, पाठ कर, तिथं गंमत कराची नाई. मास्तरच्या सालीले हातानं पकडलं होतं मी, दर वक्ती पट्टा हाती लागत नाई. पन हे म्हैस माही. दहा घोडे माहे. सोमवारी काठावर कोनी नसते, मी रिकामी बोट घेऊन जाईन, एकटा, हळू, कानानं, अन मले तू अडवशीन तं तुह्या मायले सांगीन, तू बापाले फसवते, तेबी चांगलं फसवते.

जाय आता. डगला वापस कर त्या पोट्ट्याचा. जाय म्हनलं ना, माह्या डोक्यावर उभा नोको राहू.

...गेला का?

राकेश. गेला का बे? पायाचा आवाज नाई आला मले.

बरं. दोर सोडून राह्यलो मी. इथं असशीन तं पुढं जाऊन बस, जाकीट बांधून. नसशीन तं नसशीन — मले तसाबी तू दिसून नाई राह्यला.