माँटे अल्बानचं खापर

इथे परदेशात, नोव्हाय गावातल्या माझ्या घरी मराठी मंडळींचं पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण; तिथे घडलं ते आठवलं की अजून डोकं तापतं. देशमुख काका, रिटायर्ड इंजिनिअर, नुकतेच मेक्सिको फिरून आले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी खिशातून मातीच्या भांड्याचं एक जुनं खापर काढलं. त्यावर अर्धा चेहरा कोरलेला होता.

"माँटे अल्बानच्या प्राचीन देवळांपाशी पडलं होतं. हळूच उचललं."

लोक चक्क फोटो काढायला लागले. मी म्हटलं, "काका, वेरूळहून कुणी असं उचलून नेलं तर चालेल तुम्हाला?"

"अरे, एवढंसं तर आहे. तिथे कोण विचारतंय?"

माझी शेजारीण रोझा त्याच भागातली. तिला मीच जेवायला बोलावलं होतं. काय चाललंय ते मी तिला इंग्लिशमध्ये सांगितलं. तिने खापर बघायला मागितलं, दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं आणि सरळ आपल्या पर्समध्ये ठेवलं.

"ते माझं आहे," काका म्हणाले.

"मग तसं लिहून द्या," ती शांतपणे म्हणाली. "मी हे आमच्या कॉन्सुलेटमध्ये देणार आहे. कुठून उचललं तेही लिहा."

 निघताना काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "असल्या लोकांना घरात घेत जाऊ नकोस. वस्तू उचलतात."